जवळजवळ नवी

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी एक रेकॉर्ड विकली. घेतली होती ३४०० रुपयांना, विकली २८०० ला. जाहिरातीत लिहिलं होतं : "नवीच आहे, मोजून चार वेळा वाजवली आहे. निअर मिंट. कव्हर एक नंबर." यातलं एकही वाक्य कुणाला खोटं ठरवता आलं नसतं. वाक्यं लिहिताना मी तेवढी काळजी घेतली होती, आणि ती काळजी घेतली होती हेच मला नंतर सगळ्यात जास्त टोचलं.

आधी रेकॉर्डबद्दल. मी ऑडिओफाइल वगैरे नाही. लॉकडाऊन संपता संपता एक सेकंडहँड टर्नटेबल घेतला, बाकीचा पगार भाड्यात आणि एसआयपीत जातो. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी रेकॉर्ड घेतो. फोनवर तेच गाणं जास्त स्वच्छ ऐकू येतं हे मला माहीत आहे, सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरात मला बरे मार्क होते. मग रेकॉर्ड कशाला, याचं धड उत्तर मला आजही देता येत नाही. बाजू संपली की उठावं लागतं, हे आवडतं, एवढं मात्र खरं.

ही रेकॉर्ड एका शास्त्रीय गायिकेच्या जुन्या मैफलीची होती. मैफल टेपवर मुद्रित झालेली, एलपीच्या रूपात पहिल्यांदाच येत होती. कुणाची आणि कुणी काढलेली ते सांगत नाही, कारण मुद्दा तो नाही. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो, सुई ठेवली. दोन तंबोरे सुरू झाले, बाईंनी षड्ज लावला, आणि डाव्या स्पीकरमधून कुणीतरी कापड टराटरा फाडावं तसा आवाज आला. दोन-तीन सेकंद. मग शांत. मग पुन्हा. विलंबितातली पहिली दहा मिनिटं हे चालू होतं. बाई जितक्या हळुवार गात होत्या, तितकं ते फाडणं ठळक होत होतं.

आमच्या धंद्यातल्या माणसाला असं काही झालं की आधी बरंच वाटतं, कारण करायला काम मिळतं. रेकॉर्डच्या खरखरीचे प्रकार असतात आणि ते वेगळे काढता येतात. बाजू पुन्हा वाजवायची. 'फट्' असा आवाज या वेळी भलत्याच ठिकाणी आला तर ती स्थिर वीज. कागदी पाकिटातून रेकॉर्ड सर्रकन ओढली की ती तयार होते, पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात जास्तच. कार्बन फायबरचा ब्रश आणि प्लास्टिकचं अस्तर असलेलं पाकीट, एवढ्यावर ती आटोक्यात येते. धुतल्यावर कमी झाला तर धूळ, किंवा कारखान्यातून चिकटून आलेला कचरा. नवी रेकॉर्ड स्वच्छ असते हा एक गोड गैरसमज आहे. ठरावीक अंतराने टिक टिक होत असेल तर ओरखडा : मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा, घड्याळ लावून मोजता येतो. मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून रेकॉर्ड दोनदा धुतली. (लाखेच्या जुन्या रेकॉर्डना हे चुकूनही करू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.) सुईचं वजन तपासलं, कार्ट्रिज पुन्हा सरळ केलं. आवाज जिथे होता तिथेच राहिला.

मिरजेच्या मामाला फोनवर ऐकवलं. मामाच्या घरी दमदमला छापलेल्या रेकॉर्डचं अख्खं कपाट आहे आणि एक तंबोराही आहे. तो म्हणाला, "डावीकडच्या तंबोऱ्याची जवारी गेलीय रे. मैफलीआधी काढून घ्यायला पायजे होती."

मी हसलो, पण मामाचं वाक्य डोक्यात राहिलं. त्याच्याकडे परत येतो.

माझं निदान 'नॉन-फिल' असं निघालं, म्हणजे खाचेत प्लास्टिक पूर्ण न भरणं. रेकॉर्ड कशी बनते ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. मूळ ध्वनी एका लॅकर लावलेल्या तबकडीवर कोरतात. तिच्यावर चांदीचा पातळ थर देऊन धातू चढवतात आणि उलटा साचा काढतात, त्यावरून सुलटा, त्यावरून पुन्हा उलटा. हा शेवटचा म्हणजे स्टँपर. दोन स्टँपरच्या मध्ये गरम पीव्हीसीचा गोळा ठेवायचा, त्याच्या वर-खाली लेबलं, आणि वाफेने तापवलेल्या प्रेसमध्ये शंभरेक टनांचा दाब द्यायचा. प्लास्टिक मधून कडेपर्यंत वाहत जातं, खाचांमध्ये शिरतं. मग थंड पाणी फिरवून ते गोठवायचं. हे सगळं साधारण अर्ध्या मिनिटात. तापमान थोडं कमी पडलं किंवा कुणी चार सेकंद वाचवायला गेलं, तर प्लास्टिक खाचेच्या भिंतीत पुरतं शिरायच्या आत थिजतं. भिंतीवर बारीक खळगे राहतात. सुई त्यावरून गेली की कापड फाटतं. हे धुऊन जात नाही, कारण तिथे काही लागलेलं नाही. तिथे जे असायला हवं होतं तेच नाही.

आता यातला माझा आवडता आकडा. रेकॉर्ड छापायला अर्धा मिनिट लागतं, आणि ती दोन्ही बाजूंनी ऐकायला चाळीस मिनिटं. म्हणजे तपासायला बनवण्याच्या ऐंशी पट वेळ. एका प्रेसमागे ऐंशी माणसं कानाला हेडफोन लावून बसवली तर प्रत्येक प्रत तपासता येईल. अर्थात कुणी बसवत नाही. सुरुवातीच्या काही चाचणी प्रती ऐकतात, मधून मधून एखादी काढून पाहतात, बाकीच्या डोळ्यांनी. शेवटचा टेस्टर म्हणजे पैसे देऊन घेणारा ग्राहक. सॉफ्टवेअरवाल्याने यावर तोंड वर करून बोलू नये, पण बोलतो.

त्यात मागणी वाढलेली. अमेरिकेत २०२२ साली ४.१ कोटी एलपी खपल्या आणि ३.३ कोटी सीडी. नगांच्या हिशेबात एलपीने सीडीला मागे टाकलं ते १९८७ नंतर प्रथमच. कारखाने मात्र मधल्या काळात भंगारात गेले होते, प्रेस चालवणारे जुने कारागीर घरी बसले होते. कोरायच्या लॅकर तबकड्या बनवणारे जगात दोनच उरले होते, त्यातला कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा फेब्रुवारी २०२० मध्ये जळून गेला. ज्या धंद्याचं तेरावं सगळ्यांनी घातलं होतं तो उठून बसला, आणि उठल्या उठल्या त्याला मॅरेथॉन पळवायला लागले. चार सेकंद वाचवायचा मोह कुठून येतो ते कळतं. कळतं म्हणून पटतं असं नाही.

तर मी दुकानात गेलो. दुकान चालवणारे काका साठीचे, दुकान म्हणजे खरं तर एका जिन्याखालची जागा. त्यांनी काही न बोलता दुसरी प्रत दिली. तिच्यातही तेच, त्याच जागी. साहजिक आहे, एकाच साच्यातून, एकाच दिवशी, एकाच घाईत निघालेल्या बहिणी. पुन्हा गेलो. काका म्हणाले, "तिसरी पण तशीच निघणार रे. पैसे परत देतो मी तुला. फक्त एक सांगतो, वरचा माणूस फोडलेलं पाकीट परत घेत नाही. तुझी पहिली माझ्याकडे पडलीय, आता ही पण पडेल."

ते तक्रार करत नव्हते, हिशेब सांगत होते. मला वाईट वाटलं. म्हटलं, "काका, राहू द्या. ठेवतो मी." त्यांनी चहा पाजला. जिना चढून वर आलो तेव्हा आपण बरे आहोत असं वाटत होतं.

महिन्याभराने ती रेकॉर्ड मी वर दिलेल्या जाहिरातीनिशी एका ग्रुपवर टाकली आणि कोल्हापूरच्या एका मुलाने ती घेतली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याची ही पहिली नवी रेकॉर्ड. "दादा, कंडिशन कशी आहे?" त्याने विचारलं होतं. मी तिरप्या उजेडात फोटो काढून पाठवले. फोटो खरोखर सुंदर आले.

इथे 'निअर मिंट'बद्दल सांगायला हवं. रेकॉर्डच्या बाजारात मालाची प्रत ठरवायच्या इंग्रजी पायऱ्या आहेत : मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, अशा खाली खाली जाणाऱ्या. ('गुड' म्हणजे वाईट, हे शिकायला मला एक रेकॉर्ड खर्ची घालावी लागली.) ही प्रत बहुतेक लोक नुसत्या डोळ्यांनी ठरवतात. नॉन-फिल डोळ्यांना सहसा दिसत नाही. त्यामुळे डोळ्यांच्या परीक्षेत माझी रेकॉर्ड निअर मिंटच होती. कानांच्या परीक्षेचं कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारू नये अशी सोय मी केली होती.

आठवड्याने त्याचा मेसेज आला. लांबलचक, खूप उद्गारचिन्हांचा. होस्टेलच्या खोलीत चौघांनी बसून ऐकली. असं गाणं त्याने आधी कधी पूर्ण ऐकलं नव्हतं. आणि मग : "दादा, सुरुवातीला ती जी खरखर आहे ना, ती तर लईच भारी वाटते. ओरिजिनल व्हायनल फील! फोनवर हे कुठं मिळणार."

मी त्याला अंगठा पाठवला.

मग दोन दिवस मी त्या अंगठ्याकडे बघत होतो.

माझी बाजू मांडायला माझ्याकडे पुरेसं सामान होतं. मी खोटं बोललो नव्हतो. त्याला सहाशे रुपये स्वस्त मिळाली होती. आणि मुख्य म्हणजे तो खूश होता. नुकसान झालेला माणूसच जर खूश असेल तर नुकसान आहे कुठे? माणसाला लागलेलं नाही आणि मी मात्र मलमपट्टी घेऊन मागे धावतोय, असं काहीसं.

यातला पहिला बचाव फार जुना आहे. सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात नेमका हाच प्रश्न आहे. एक माणूस घर विकतोय. घर रोगट आहे, लाकूड कुजकं आहे, झोपायच्या खोल्यांमधून साप निघतात, आणि हे मालकाशिवाय कुणालाच ठाऊक नाही. त्याने सांगायला हवं का? सिसेरो दोन स्टोइकांना समोरासमोर बसवतो. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगतो तेवढे दोष सांग. बाकी न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. घ्यायची जबरदस्ती केली होती का? आणि विकणाऱ्याने दवंडी पिटायची काय, 'रोगट घर विकणे आहे' म्हणून? त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांग. घेणाऱ्याला माहीत नाही असं तुला काही माहीत असता कामा नये, तुम्ही दोघं एकाच मानवी समाजाचे आहात. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने जातो. त्याचं म्हणणं साधारण असं की गप्प राहणं आणि लपवणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे कबूल, पण ज्याला कळण्यात त्याचं हित आहे त्याला कळू नये असं तू तुझ्या फायद्यासाठी इच्छितोस, तेव्हा ते लपवणंच असतं.

'इच्छितोस' हा शब्द मला चिकटला. मी काय लिहिलं आणि काय नाही, यावर माझा बचाव उभा होता. पण मी इच्छिलं काय होतं? फोटो पाठवताना मी इच्छित होतो की त्याने कानांबद्दल विचारू नये. ऑफिसमध्ये गेल्याच वर्षी मी यावरून भांडलो होतो. रिलीज नोट्समध्ये 'नोन इश्यूज' अशी एक यादी असते, म्हणजे आम्हाला ठाऊक असलेले आणि तरी तसेच सोडलेले दोष. त्यातून एक दोष गाळायचा होता, कारण "शंभरातला एकच युजर तिथपर्यंत जाईल". मी म्हटलं होतं, त्या एकाला सांगायला काय जातं? बरंच काही जातं, हे २८०० रुपये हातात आल्यावर समजलं.

आणि जिन्याखालच्या काकांवर मी केलेली मेहेरबानी? त्याचा हिशेब मांडला तेव्हा शरम वाटली. काकांचं नुकसान मी वाचवलं, ते स्वतः सोसलं फक्त सहाशे रुपये. उरलेले २८०० कोल्हापूरच्या मुलाच्या खिशातून गेले. चहा मात्र मी प्यायलो. कारखान्याने वाचवलेले ते चार सेकंद हातोहात खाली सरकत आले होते : वितरकाने काकांवर, काकांनी माझ्यावर, मी त्याच्यावर. प्रत्येकाचं कारण समजण्यासारखं. साखळीत ज्याला सगळ्यात कमी कळत होतं, त्याच्यापाशी ती थांबली. थांबलीसुद्धा अशी, की त्याला ते बक्षीस वाटलं.

त्याचं हे खूश असणंच मला अवघड जात होतं. त्याला खरखर आवडली. ती चुकीची आहे असं म्हणणारा मी कोण? इथे मामाचं वाक्य परत येतं.

तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये एक सुताचा दोरा सरकवतात. त्या दोऱ्यामुळे तार घोडीच्या किंचित उताराच्या पृष्ठभागाला हलकीशी घासत कंप पावते. त्यातून जो झंकार निघतो, ज्याला आपण तंबोरा 'बोलतो' म्हणतो, ती जवारी. भौतिकशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर ती तारेच्या मोकळ्या कंपनात घातलेली ढवळाढवळ आहे. पाश्चात्त्य वाद्य बनवणारा ज्याला 'बझ' म्हणेल आणि काढून टाकेल, ते मिरजेचे कारागीर घोडी घासून घासून मुद्दाम आणतात. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला की तंबोरा मुका होतो. म्हणजे घासण्याचा आवाज हा मुळातच दोष नसतो. मग एका घासण्याला आपण स्वर म्हणायचं आणि दुसऱ्याला नॉन-फिल, हे कशावरून?

हेतूवरून, हे सोपं उत्तर. एक कुणीतरी मन लावून आणलेलं असतं, दुसरं कुणाचं तरी लक्ष नसल्यामुळे आलेलं. पण हे उत्तर पुरत नाही. मामाच्या लाखेच्या रेकॉर्डची खरखर कुणीही हेतूने आणलेली नाही. लाखेत दगडाची पूड असायची, वर पोलादी सुई, ती खरवडणारच. तरी मामाकडे ती ऐकताना मला चीड येत नाही. तो आवाज एका मर्यादेचा आहे : त्या काळी जेवढं जमत होतं तेवढं केलं, आणि उरलं ते हे. १९४८ मध्ये कोलंबियाने एलपी आणली ती व्हायनलची, आणि तिचं एक मोठं कौतुक हेच होतं की ती शांत वाजते. १९५४ च्या सुमाराला सगळ्यांनी मिळून एक प्रमाण ठरवलं, ज्यात मुद्रण करताना वरच्या पट्टीचे स्वर मुद्दाम वाढवून कोरायचे आणि वाजवताना तेवढेच कमी करायचे. सगळ्यात वरच्या टोकाला जवळपास २० डेसिबेल. गाणं मूळ पातळीवर येतं आणि मधे घुसलेली खरखर त्याबरोबर खाली दाबली जाते. इतकी सुंदर युक्ती मी फार कमी पाहिल्या आहेत. माणसांनी दशकानुदशकं डोकं चालवून जो आवाज घालवायचा प्रयत्न केला, तोच 'ओरिजिनल फील' म्हणून त्या मुलाला विकला गेला होता. आणि विकणारा मी.

माझा वाद मर्यादेशी नव्हताच. जिथे पोचता येत होतं तिथे पोचायचं टाळलं गेलं, आणि न पोचण्याला माध्यमाचा स्वभाव असं नाव दिलं गेलं, याच्याशी होता. त्या मुलाने एक खोटी ओळख करून घेतली होती : रेकॉर्ड अशीच असते. यानंतर त्याला कुणी काहीही विकू शकलं असतं.

तरी दुसरी बाजू सोडवत नव्हती. अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी जुन्या मास्टर टेपवरून महागड्या एलपी काढते. जुलै २०२२ मध्ये फीनिक्समधल्या एका रेकॉर्ड विक्रेत्याने जाहीर केलं की या कंपनीच्या मुद्रणात मधे एक डिजिटल टप्पा आहे. कंपनीच्या इंजिनिअरांनी ते मान्य केलं. २०११ पासून हे चालू होतं. लोक भयंकर चिडले, खटले झाले, तडजोडीत भरपाई द्यावी लागली. गंमत अशी की त्यातल्या कित्येक रेकॉर्डची शुद्ध अॅनालॉग आवाज म्हणून जाणकारांनीच तारीफ केली होती. बातमी आली त्या रात्री त्यांच्या कपाटातल्या रेकॉर्डमध्ये एका खाचेचाही फरक पडला नव्हता. फसवणूक झालीच होती. पण त्यांचा आधीचा आनंद खोटा होता का? आणि नंतर त्यांना ज्या रेकॉर्ड ऐकवेनात, त्यांचं काय? ज्याने सांगितलं त्याने त्यांना एक सत्य दिलं आणि एक संग्रह हिरावून घेतला.

मीही तेच करणार होतो. त्या मुलाला सांगितलं तर काय होईल हे मला नेमकं माहीत होतं, कारण माझं तेच झालं होतं : एकदा ऐकू आलं की न ऐकणं जमत नाही. मग सांगायचं ते कुणासाठी? त्याच्या हितासाठी, की मला झोप यावी म्हणून? याचं उत्तर मी बरेच दिवस शोधत होतो आणि तेवढे दिवस सांगणं लांबत होतं, हे लक्षात आल्यावर मी शोधणं थांबवलं. दोन्हीसाठी असेल. कर्ज फेडणाऱ्याला बरं वाटतं म्हणून कर्ज फेडू नये असं कुणी म्हणत नाही. आणि त्याने काय ऐकावं, किती जाणावं हे ठरवायचा अधिकार मी २८०० रुपयांत विकत घेतला नव्हता. उलट पैसे त्याने दिले होते.

लिहिलं. "ती खरखर व्हायनलची नाही. छापताना राहिलेला दोष आहे. मला विकताना माहीत होतं, मी सांगितलं नाही. चूक माझी आहे. पूर्ण पैसे परत देतो, पाठवायचा खर्चही माझा. रेकॉर्ड परत पाठव, किंवा ठेवायची असेल तर ठेव." तीनदा वाचलं. 'पण' या शब्दाने सुरू होणारं एक वाक्य शेवटी होतं, ते काढलं.

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर तिसऱ्या दिवशी.

"अर्धे पैसे द्या दादा. रेकॉर्ड ठेवतो, गाणं चांगलं आहे. पण काल लावली तर मला तेवढंच ऐकू येत होतं."

उद्गारचिन्ह एकही नव्हतं. मी १४०० रुपये पाठवले. आणखी काय लिहावं सुचलं नाही, म्हणून स्थिर वीज कशी ओळखायची, धूळ कशी, ओरखडा कसा, १.८ सेकंद, असं सगळं टाइप करून पाठवलं. त्याने एक अंगठा पाठवला. तो मला मिळायलाच हवा होता.

त्यानंतर तीनेक महिने काही नाही. दिवाळीत अचानक एक व्हॉइस मेसेज आला. गावी गेला होता, माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्डची पेटी सापडली होती. मागे नाट्यगीत वाजत होतं, आणि त्यावर टिक, टिक, टिक. "दादा, मी मोजलं. बरोबर १.८ आहे," तो म्हणाला. "आजी म्हणती, बाबांनी लहानपणी यावर लाटणं पाडलं होतं. आजोबांनी मारलं होतं म्हणे. हा पण डिफेक्टच ना?"

मी 'नाही' असं लिहिलं. मग खोडलं. मग 'हो, पण' असं लिहिलं, तेही खोडलं. ती टिकटिक पुन्हा दोनदा ऐकली. तिसऱ्या वेळी मागून त्याच्या आजीचा आवाज ऐकू आला, ती कुणाला तरी चकल्या झाकून ठेवायला सांगत होती.

"ओरखडा आहे," मी लिहिलं. "जाणार नाही. सुईचं वजन तेवढं तपास, दोन ग्रॅमच्या वर नको. आणि लाखेची असेल तर अल्कोहोल लावू नकोस."

"लाखेची न्हाई, एलपी आहे," त्याने लगेच उत्तर दिलं. "१.८ आहे म्हणजे एलपीच ना दादा."